चोविसावं वर्तुळ

सुरतेतल्या लिंबायतच्या गल्ल्यांत शालिग्राम बोरसेला तोंडावरून ओळखणारे थोडेच. माणूस नाकासमोर चालणारा, रेल्वेच्या रुळांखालच्या गरनाळ्यात गर्दी असली की सायकलवरून उतरून ती हातात धरून जाणारा, टपरीवर चहा प्यायचा तोही कोपऱ्यात उभं राहून. पण उधन्यापासून पांडेसऱ्यापर्यंत जिथे जिथे साडी छापली जायची, तिथे त्याचा हात सगळ्यांना ठाऊक होता.

तो ट्रेसिंग करायचा. आता ट्रेसिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. साडीचं डिझाइन कुणी एक कलाकार कागदावर रंगवतो. त्यातला एकेक रंग वेगळा काढून पारदर्शक कागदावर काळ्या शाईने उतरवायचा, त्यावरून छपाईची जाळी तयार होते. डिझाइन असतं हात-दीड हाताचं आणि साडी असते सहा वाराची; म्हणजे तेच डिझाइन एकापुढे एक छापत जायचं. एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात जुळली नाही, की अख्ख्या साडीवर आडवी रेघ मारल्यासारखी दिसते. मिलवाले त्या जुळणीला रिपीट म्हणतात. कलाकार लोक मोठे लहरी. वेल काढतात झकास, पण टोकाशी ती हटकून दोन दोरे इकडे नाहीतर तिकडे. ते निस्तरायचं शालिग्रामने.

त्याची रीत अशी, की जोडाच्या जागी तो हातच लावायचा नाही. तिथे दुरुस्ती केली की ती दिसते. तो सगळा फरक पूर्ण वेलीत वाटून टाकायचा. या पानात केसभर, त्या कळीत केसभर, देठाच्या वळणात केसभर. शेवटी जोड आपोआप बसायचा, आणि कलाकाराला स्वतःलाही कळायचं नाही की त्याच्या वेलीला कुणी शिवलंय.

मूळचा तो सिंदखेड्याकडचा. सातवी झाली आणि शाळा सुटली. सत्तर साली सुरतेत आला, सात वर्षं लूमवर काढली, मग एका म्हाताऱ्या कारागिराने त्याच्या हातात ब्रश दिला आणि तो हातात राहिला तो राहिलाच. घरी बायको धुरपदाबाई, तिच्याशी बोलायचं ते अहिराणीत, मालकाशी गुजरातीत, आणि शिकल्या-सवरल्या माणसाशी शक्यतो बोलायचंच नाही. शिकलेला माणूस समोर आला की शालिग्राम दोन पावलं मागे सरायचा. त्यांचं चुकत नसतं, अशी त्याची पक्की समजूत. वेड्याला कुणी सांगावं!

पंचाण्णव सालच्या दिवाळीनंतर, शालिग्राम काम करायचा त्या उधन्याच्या स्टुडिओत मगनसर आले. पासष्टीचे, पांढरा सदरा, बगलेत कागदाची गुंडाळी. खानदेशातल्या एका कॉलेजात बावीस वर्षं गणित शिकवून ते गोपीपुऱ्यातल्या आपल्या घरी परतले होते, त्यामुळे मराठी चांगलं बोलायचे. त्यांना एक चित्र काढून हवं होतं. नकाशे काढणाऱ्या दोघांनी नाही म्हटलं होतं. कॉम्प्युटरचं सरांना वावडं. स्टुडिओच्या मालकाने शालिग्रामकडे बोट दाखवलं.

"शालिग्रामभाई," सर स्टुलावर बसत म्हणाले, "एकच फूल पदरावर मोठं असतं आणि काठावर लहान. बरोबर? लहान-मोठं झालं म्हणून दोन पाकळ्यांमधला कोपरा बदलतो का?"

"नाही सर. कोपरा बदलला तर फूल बिघडलं म्हणतो आम्ही."

"आता असं समजा, की कापडच असं आहे. इथे फुगतं, तिथे आकसतं, जागोजाग वेगळं. पण कोपरा कुठेच मोडत नाही. अशा ठिकाणी फूटपट्टी घेऊन गेलात तर?"

शालिग्रामने विचार केला. "फूटपट्टीपण फुगणार आणि आकसणार की."

"बस!" सरांचा चेहरा उजळला. "मग तिथे लांबी विचारूच नये. कोन विचारावा. माझी सगळी उमर त्या जागेत गेली. अशा जागेत एखादा पृष्ठभाग पडलेला असतो, खोलीत चादर पडलेली असावी तसा. तिच्या कोणत्या सुरकुत्या तिच्या स्वतःच्या, आणि कोणत्या नुसत्या आपल्या पट्टीमुळे दिसतात, ते शोधायचं. एवढंच काम."

एवढंच काम! पण शालिग्रामला ते कळलं, हे विशेष. मोठमोठ्या पदवीवाल्यांना जे सांगताना सरांच्या नाकी नऊ यायचे, ते या सातवी पास माणसाला फूल दाखवून पाच मिनिटांत कळलं. सरांनाही ते जाणवलं असावं, कारण त्या दिवसापासून त्यांनी त्याला समोर खुर्ची दिल्याशिवाय कधी बोलणं केलं नाही.

चित्र असं होतं. रिक्षाच्या चाकाची ट्यूब घ्या. एका बाजूला ती फुगलेली आहे, दुसऱ्या बाजूला बारीक. सरांनी तिचा पृष्ठभाग अशा रीतीने कागदावर उतरवला होता की कोन हलत नाहीत आणि वर्तुळ वर्तुळच राहतं. कागदावर तो एक वाकडातिकडा, बंद रस्ता दिसायचा. कुठे रुंद, कुठे अरुंद. त्या रस्त्यात वर्तुळं बसवायची. प्रत्येकाने दोन्ही कडांना टेकायचं आणि मागच्या वर्तुळालाही टेकायचं. एक काढलं की पुढचं कुठे येणार हे ठरलेलं. आपल्या मनाचं काही नाही. अशी चोवीस. सरांचं म्हणणं होतं की चोविसावं वर्तुळ फिरून येऊन पहिल्याला नेमकं टेकतं. साखळी बंद होते, कुठूनही सुरुवात केली तरी. सारख्या जाडीच्या ट्यूबसाठी ते त्यांनी कधीच सिद्ध केलं होतं. फुगलेल्यासाठी पुरावा सापडत नव्हता.

"चित्र म्हणजे पुरावा नव्हे," सर म्हणाले. "पण मला आधी डोळ्यांनी पाहू द्या. हृदयाचं दुखणं आहे, शालिग्रामभाई. डॉक्टर सांगतात दोन वर्षं, फार तर अडीच. जे नाही ते शोधण्यात तेवढी घालवायची नाहीत मला."

हे सरांनी त्याला अगदी सुरुवातीला सांगितलं होतं, ध्यानात ठेवा.

चार फुटी कागद आणला. शालिग्रामने घरीच, खिडकीजवळ पाट टाकून काम सुरू केलं. आधी पेन्सिलीने. कंपासचं टोक नुसतं टेकवायचं, दोन्ही कडा आणि मागचं वर्तुळ टेकतंय का बघायचं, नसेल तर केंद्र सरकवून पुन्हा; जमलं की मगच टोक रोवायचं. डोळ्यांत तेल घालून त्याने सतरा दिवस काम केलं. आणि चोविसावं वर्तुळ पहिल्याला टेकलं नाही. त्याच्या पोटात घुसलं. मोजलं तर दोन सूत, म्हणजे पाव इंच.

त्याने सगळं तपासलं. कुठेही चूक दिसेना. पण चूक दिसत नाही म्हणजे ती नाही असं थोडंच? समोर बावीस वर्षं कॉलेजात शिकवलेला माणूस सांगतो की टेकणार, आणि इकडे लिंबायतचा ट्रेसिंगवाला म्हणतो की घुसतं! चोवीस वर्तुळांत हात कुठेतरी हलला असणार. केसभर इथे, केसभर तिथे. जमून दोन सूत झालं असणार.

"काय करी राहिनात तुम्हीन कवापासून?" धुरपदाबाईने विचारलं. "जेवन थंडं हुई गयं."

"काही नही. मना हात हाली गया."

"तुमना हात?" ती हसली. "तुमना हात हालना, हाई आज आयकं मी."

बायको बोलून गेली आणि शालिग्रामने ऐकून सोडून दिलं. मग त्याने तेच केलं, जे तो अठरा वर्षं करत आला होता. दोन सूत चोवीस वर्तुळांत वाटून टाकलं. प्रत्येकाचं केंद्र जरासं सरकवलं, कुठे वर्तुळ नखाच्या धारेएवढं आवळलं. मग शाई भरली, पेन्सिल पुसली. चोविसावं पहिल्याला अलगद टेकलं. त्यात लबाडी नव्हती हो. आपली चूक आपण निस्तरली, दुसऱ्याच्या डोक्याला ताप दिला नाही, असंच त्याला वाटलं, आणि त्या रात्री तो शांत झोपला.

गोपीपुऱ्यात सरांनी कागद जमिनीवर पसरला आणि त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरले. भिंग लावून जोड पाहिला. मग तिथेच मांडी घालून बसून राहिले. सून चहा घेऊन आली तर तिला म्हणाले, "बंध थयुं, बेटा." साखळी बंद झाली.

पुढचे चौदा महिने सरांनी पुराव्याच्या मागे घातले. शालिग्राम दर रविवारी जायचा. काम असायचंच असं नाही. सर वही दाखवायचे, तो ऐकायचा. पुरावा दर वेळी एकाच ठिकाणी अडायचा. एक पद उरायचं, जे शून्य व्हायला हवं आणि होत नव्हतं. "चित्र म्हणतं आहे होतं," सर म्हणायचे, "म्हणजे माझीच कुठेतरी गफलत." पुन्हा पहिल्या पानापासून. एक वही संपली, दुसरी संपली, पाच संपल्या. सरांच्या मुलाने त्यांना बडोद्याला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं, तर सर म्हणाले, हे पद शून्य झालं की जाऊ. पाय सुजले. जिने बंद झाले. सदऱ्याच्या गळ्यात मान सैल दिसायला लागली. सरांनी चित्रावर भरवसा ठेवला, चित्रवाल्याने सरांवर. आपल्या हातावर आणि आपल्या वहीवर मात्र दोघांपैकी एकानेही ठेवला नाही.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत सरांनी दुसरं चित्र मागितलं. लेखाबरोबर छापायला नवी प्रत हवी होती. "या वेळी रुंद बाजूने सुरू करा," ते म्हणाले. "सुरुवात कुठूनही केली तरी बंद होते, हे दिसायला हवं."

शालिग्रामने पुन्हा पाट मांडला. या वेळी हात हलूच द्यायचा नाही असं ठरवून त्याने दिवसाला एकच वर्तुळ काढलं. चोविसाव्या दिवशी शेवटचं वर्तुळ पहिल्याच्या पोटात घुसलं. साडेतीन सूत.

त्याने ते पुसलं आणि सगळं पुन्हा काढलं. साडेतीन सूत.

हात हलला असता तर एकदा आत घुसलं असतं, एकदा बाहेर राहिलं असतं. हात काय ठरवून एकाच बाजूला हलतो? कागदापुढे बसल्या बसल्या शालिग्रामला एकदम उमगलं. पहिल्या वेळीही हात हलला नव्हता. ते दोन सूत खरे होते. आणि ते त्याने आपल्या हाताने गिळून टाकले होते. सर गेले चौदा महिने जे पद शून्य करायला धडपडत होते, ते शून्य नव्हतंच. त्यांची वही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.

दोन दिवस तो जेवला नाही. सांगितलं तर या वयात, या प्रकृतीत सरांना धक्का सोसेल का? आणि नाही सांगितलं तर उरलेले दिवसही ते त्या भिंतीवर डोकं आपटणार. सांगायची लाजही वाटत होती, ती का लपवा? सरांनी दिलेली ती खुर्ची जाणार, याचंही त्याला वाईट वाटत होतं.

धुरपदाबाईला त्याने सगळं सांगितलं. तिने गणित विचारलं नाही. "सरले सांगी टाका," ती म्हणाली. "तो मानूस दिवस मोजी राह्यना आनि तुम्हीन दोन दिवस घरमा बठी राह्यनात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो नवा कागद आणि कंपास घेऊन गोपीपुऱ्याला गेला. सर खाटेवर उशीला टेकून लिहीत होते. शालिग्राम खुर्चीवर बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने सांगितलं. पहिलं चित्र बंद झालं नव्हतं. मी ते बंद केलं. माझा हात हलला असं वाटलं, म्हणून फरक वाटून टाकला.

सरांनी पेन खाली ठेवलं.

"चौदा महिने, शालिग्रामभाई," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण इतक्या दिवसांत त्यांनी या सुरात हाक मारली नव्हती. शालिग्रामने मान खाली घातली.

"किती होतं?"

"दोन सूत. आणि आत्ताचं साडेतीन."

सर पाठ सरळ करून बसले. "अंतर नको," ते म्हणाले. "अंतर कशाला सांगता मला? कोन सांगा. दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात तिथला कोन."

कोन त्याने मोजलाच नव्हता. नव्या कागदावर पेन्सिलीची वर्तुळं होती; तिथे कोनमापक लावला. चव्वेचाळीस अंश. पण जुन्या चित्रातली पेन्सिल तर त्याने पुसून टाकली होती. "भोकं असतील," शालिग्राम हळूच म्हणाला. कंपासचं टोक जिथे रोवलं जातं तिथे कागदाला भोक पडतं, ते पुसून जात नाही. जुना कागद काढून दोघांनी खिडकीच्या उजेडात धरला. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यात भोकांची जोडी दिसत होती, एक खरं आणि एक सरकवलेलं. दुसऱ्या वर्तुळाशी ती जवळजवळ एकच होती; पुढे पुढे लांब होत गेली; चोविसाव्याशी दोघांत दोन सुताचं अंतर. शालिग्रामने खऱ्या भोकात कंपास रोवला, मूळचं वर्तुळ पुन्हा काढलं आणि कोन मोजला.

चव्वेचाळीस.

"अरुंद जागी दोन सूत, रुंद जागी साडेतीन," सर म्हणाले. "पट्टी दोन आकडे सांगते आणि कोन एकच सांगतो. सुरुवात बदलली तरी हा बदलत नाही. साखळी बंद होत नाही, भाई. शेवटचं वर्तुळ किती कोनात घुसतं, ते मात्र कायम राहतं. ती त्या पृष्ठभागाची स्वतःची सुरकुती आहे." त्यांनी डोळे मिटले. "मी नसलेलं दार शोधत होतो. असलेलं तुमच्या कागदावर होतं."

शालिग्रामला रडू आलं. चाळिशी उलटलेला माणूस, पण त्याने ते लपवलं नाही. "माझं चुकलं, सर."

"तुमचा हात चुकला नव्हता," सर म्हणाले. "हात चुकला असं तुम्ही धरून चाललात, ते चुकलं. आणि माझी वही चुकली असं मी धरून चाललो. बसा खुर्चीवर."

त्या दिवसापासून सरांनी, हा कोन कायम राहतो याच्या पुराव्यासाठी, नवी वही सुरू केली. शालिग्राम आता रोज सकाळी स्टुडिओत जाण्याआधी यायचा. सरांना लिहिताना धाप लागायची, तर तो वहीखाली फळी धरून बसायचा. पहिली पायरी नऊ दिवसांत झाली. दुसरीला अकरा लागले. बडोद्याला जायचं आता कुणी काढत नव्हतं. डॉक्टर घरीच येऊन जात आणि बाहेर सुनेशी हळू आवाजात बोलत.

दुसरी पायरी झाली त्या सकाळी सर जरा तरतरीत होते. शालिग्रामने विचारलं, "अजून किती राहिलं, सर?"

सर बोटांवर मोजू लागले. "तिसरी पायरी अवघड आहे. तिला चार महिने. मग चौथी, तिला सहा धरा. मग सगळं नीट लिहून काढायचं, आकृत्या, संदर्भ... चार. म्हणजे एकूण..."

ते थांबले. बोट बोटावर तसंच राहिलं. बेरीज शालिग्रामनेही केली होती. सातवी पास माणसाला तेवढी येते.

सरांनी तो आकडा उच्चारला नाही. हात खाली घेतला आणि शालिग्रामच्या मनगटावर ठेवला. "फळी धरा," ते म्हणाले. "आजचा दिवस आहे ना अजून."

शालिग्रामने फळी धरली. ती हलू नये म्हणून त्याने दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवले होते. सरांनी तिसऱ्या पायरीची पहिली ओळ लिहिली, दुसरी लिहिली, आणि थकून पेन त्याच्या हातात दिलं. त्याच आठवड्यात गुरुवारी ते गेले.

बेसण्याला, म्हणजे सरांच्या शोकसभेला, शालिग्राम गेला, मागच्या रांगेत बसला, उठून आला. घरी धुरपदाबाईने पाणी दिलं. मग ती शेजारी बसली.

"तुम्हीन सांगं ना पन त्यासले," ती म्हणाली. "लपाडं ते नही."

"सांगं," शालिग्राम म्हणाला. "पन त्यासना कामना दिवस खाई टाकीसन सांगं."